सेंट्रॉइड ठरलेले ठेवायचे की हलू द्यायचे? डीटीडब्ल्यूने कालश्रेणींचे गट पाडताना

कालश्रेणींचे, म्हणजे वेळेनुसार नोंदलेल्या आकड्यांचे, गट पाडताना प्रत्येक गटाला एक केंद्र असतं, तो सेंट्रॉइड. आधी दोन छोट्या श्रेणी घ्या. एक 0, 0, 1, 2, 1, 0 आणि दुसरी 0, 1, 2, 1, 0, 0. उंचवटा तोच, फक्त एक पाऊल आधी आलेला. युक्लिडीय अंतर 2 येतं. डायनॅमिक टाइम वॉर्पिंगने, म्हणजे वेळ ताणून-दाबून आकार जुळवणाऱ्या डीटीडब्ल्यूने, शून्य. आता दोघींची साधी सरासरी काढा: 0, 0.5, 1.5, 1.5, 0.5, 0. टोकदार शिखर गेलं आणि पठार आलं, जे दोन्हींत कुठेच नव्हतं. के-मीन्समध्ये, म्हणजे गटाची सरासरीच सेंट्रॉइड मानणाऱ्या पद्धतीत, नुसतं अंतर बदलून भागत नाही ते याचमुळे.

डेटात कोणते आकार दडलेत हे ठाऊक नसेल, तर डीबीए (डीटीडब्ल्यू बॅरिसेंटर अ‍ॅव्हरेजिंग) घ्या. 2011 मध्ये मांडलेली ही पद्धत आधी प्रत्येक श्रेणी सेंट्रॉइडशी जुळवते आणि जुळलेल्या बिंदूंचीच सरासरी काढते, त्यामुळे शिखर शाबूत राहतं. मात्र फेऱ्या बऱ्याच लागतात आणि सुरुवात बदलली की गटही बदलू शकतात.

के-मेडॉइड्समध्ये सरासरीची भानगडच नाही. खरी श्रेणीच केंद्र होते. पण सगळ्या जोड्यांची अंतरं काढायची तर 10,000 श्रेणींसाठी जवळपास 5 कोटी होतात. डेटा लहान असेल तरच.

आकार आधीच माहीत असतील, तर माझं मत ठाम आहे: सेंट्रॉइड हलवू नका. माहीत आकारांचे नमुने हेच सेंट्रॉइड. 5 नमुने आणि 10,000 श्रेणी म्हणजे 50,000 अंतरं, एकच फेरी, काम संपलं. काटेकोरपणे पाहिलं तर हे जवळच्या नमुन्यानुसार केलेलं वर्गीकरणच आहे. पण गट 3 चा अर्थ पुढच्या महिन्यातही तोच राहतो आणि नवी श्रेणी आली म्हणून जुन्या जागा सोडत नाहीत. ज्याला दर वेळी अहवाल द्यायचा असतो, त्याला याचं मोल कळतं.

टीएसलर्न या पायथन लायब्ररीत इथे हमखास फसगत होते. के-मीन्सला सुरुवातीचे सेंट्रॉइड म्हणून आपले नमुने दिले, तरी ती फक्त सुरुवात असते. फिट चालवताच ते हलतात. त्यापेक्षा तिच्यातल्याच सीडिस्ट-डीटीडब्ल्यू फंक्शनने अंतरांचा तक्ता काढा आणि प्रत्येक ओळीतलं सर्वांत लहान अंतर उचला. साकोए-चिबा पट्टाही लावा, म्हणजे जुळणारे बिंदू वेळेत ठरावीक पावलांपलीकडे जाऊ देऊ नका: 200 बिंदूंच्या दोन श्रेणींना 40,000 चौकटी भराव्या लागतात, 10 पावलांचा पट्टा लावला की सुमारे 4,100 उरतात. शिवाय भलतीच ताणाताणही थांबते. श्रेणी आणि नमुने एकाच रीतीने प्रमाणित करा. नमुन्यांची लांबी वेगवेगळी असेल, तर अंतराला जुळणीच्या वाटेच्या लांबीने भागा, नाहीतर लांब नमुन्यावर अन्याय होतो.

कशाशीच न जुळणारी श्रेणीही कुठल्यातरी गटात ढकलली जाते, हा या पद्धतीतला खरा धोका. म्हणून अंतराची एक मर्यादा ठेवा आणि तिच्यापलीकडच्या श्रेणी बाजूला काढा. त्या साठल्या की फक्त त्यांच्यावर डीबीए चालवा. नवा आकार हाती लागला, तर तो सहावा नमुना.