पूर्वजांचे कागद वाचायची मार्गदर्शिका: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या घरी ट्रंकेत एक मोडी खरेदीखत होतं. त्यातला एक आकडा तेवढा सगळ्यांना वाचता यायचा, १८०९. "पेशवाईतलं घराणं हाय आपलं," असं काका दर लग्नात सांगायचे. आमचे लोक चोर्ला घाट चढून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातनं आले एवढंच ठाऊक होतं, म्हणून मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही एकत्र असलेली ही मार्गदर्शिका घेतली.

पहिले दोन महिने फुकट गेले. मी मुळाक्षरांचा तक्ता घोकत बसलो. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं टांगत जायची. शब्द कुठं तुटतो ते समजत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाही. तक्त्यातलं सुबक अक्षर आणि आमच्या खतातलं धावतं अक्षर यांची काही गाठ पडेना.

खरं काम केलं ते पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणानं. त्यात दस्तांचे ठरलेले मायने दिलेत. लिहून घेणार, लिहून देणार, मौजे अमुक, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, शेवटी साक्षी. हे शब्द कुठं येणार ते एकदा समजलं की मधे उरतात ती नावं. तळाला एक वेडंवाकडं चित्र होतं, मी शाईचा डाग धरून चाललो होतो. ती निघाली नांगराची निशाणी! सही न येणाऱ्या कुणब्याची. ट्रंक बंद करायचं त्या रात्री राहूनच गेलं.

आणि आकड्याआधी 'शके' होतं. ७८ मिळवले, १८८७ आलं. स्टँपावर व्हिक्टोरिया राणीचं तोंड छापलंय, आणि बाईंचा जन्म १८१९ चा. एवढं तरी आमच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. काका दोन दिवस बोलले नाहीत.

पोर्तुगीज भाग छोटा, पण कामाचा. गोव्याच्या जुन्या नोंदींच्या नकलांमध्ये मी आमचं 'श'चं आडनाव 'एस'खाली शोधत होतो. पोर्तुगीज 'श' बऱ्याचदा 'एक्स'नं लिहितात, 'क'ला 'सी' नाहीतर 'क्यू'. साखळी गावाचं सांकेलिं होतं, प्रभूचा पोरोबो. फोनमधलं भाषांतराचं ॲप छापील मजकुराला ठीक आहे, हस्ताक्षर दिसलं की काहीही ठोकून देतं.

राग आहे तो एकाच गोष्टीचा. पुस्तक सातबारा आणि फेरफारापाशी थांबतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो, पुढची पहाणी, म्हणजे तिकडचा सातबारा, कन्नडमध्ये, आणि त्यावर अवाक्षर नाही. सीमाभागातलं गिऱ्हाईक लेखकांच्या डोळ्यांपुढं आलेलंच दिसत नाही. शेवटी शेजारच्या अक्कांनी वाचून दिलं. गंमत म्हणजे त्यातही 'बिन' आणि 'कोम' जसेच्या तसे! बांधणीही कच्ची, कालगणनेचं पान सुटलंय, ते आता पाकिटात असतं.

तरी घ्या म्हणेन, फक्त मागून वाचायला लागा.

सध्या दुसरा कागद काढलाय. त्यावर निशाणी बांगडीची आहे, म्हणजे लिहून देणारी बाई. 'कोम'पर्यंत स्वच्छ लागतं, पुढं वाळवीनं खाल्लंय.