पावातलं तेल: विकतचं आणि घरचं
घरच्या पावाला ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, ९ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट पुरतं. तेल १५ ग्रॅम, तेही हवं तर. घालायचं मात्र पीठ पाचेक मिनिटं मळून झाल्यावर. आधीच भरपूर ओतलं तर पिठाच्या कणांवर थर बसतो आणि ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं) उशिरा धरतं.

विकतच्या पावात तेल सहसा एकटं नसतं. स्लाइस मऊ राहावेत म्हणून पाकिटावर ४७१ किंवा ४८१ क्रमांकाने लिहिलेलं इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव धरणारा पदार्थ), बुरशी लांबवायला कॅल्शियम प्रोपिओनेट (२८२). विकतचा पाव वाईट तो तेलामुळेच, असं म्हणून तेलाला उगाच बदनाम करतात. पाकिटावरचा साखरेचा आकडाही बघा.

बिनतेलाचा पाव दुसऱ्याच दिवशी कडक होऊ लागतो. फ्रिजमध्ये तर आणखी लवकर, कारण थंडीत स्टार्च पुन्हा घट्ट होतो. फ्रीझरच्या गोठणाऱ्या थंडीत हे जवळपास थांबतं, म्हणून कापून थेट फ्रीझरमध्ये टाका.