न्यू जर्सीत गाडीचा विमा: दाव्याचा हक्क मर्यादित ठेवावा की पूर्ण?

न्यू जर्सीत विमा घेताना आपण हप्ता बघतो आणि ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’ (दाव्याचा मर्यादित हक्क) या चौकटीवरची खूण तशीच राहते. काहीच निवडलं नाही तरी कायद्याने तीच लागू होते. (नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात उलटं आहे: तिथे गप्प राहिलात तर पूर्ण हक्क मिळतो.) आम्हीही सहा वर्षं ती खूण हलवली नव्हती.

औषधपाण्याचा खर्च दोन्ही पर्यायांत सहसा आधी आपल्याच पॉलिसीतल्या पीआयपीतून (चूक कुणाचीही असो, उपचारांचा खर्च देणाऱ्या भागातून) होतो, बुडालेला पगारही मागता येतो. फरक पडतो तो सोसलेल्या वेदनेच्या भरपाईत. मर्यादित हक्क असेल तर त्यासाठी मृत्यू, अवयव तुटणं, ठळक व्रण, जागचं सरकलेलं फ्रॅक्चर, गर्भ जाणं किंवा कायमची इजा, यांतलं काहीतरी दाखवावं लागतं. तडजोडीची रक्कम ठरते तीही हे धरूनच.

आमचं घोडं अडलं ते ‘कायमची’ या शब्दावर. रूट २७वर सिग्नलला उभ्या असलेल्या बायकोच्या गाडीला मागून धडक बसली. हाड मोडलं नाही, पण मान धरली ती धरलीच. आठ महिने मुलीची वेणी घालताना ती मध्येच हात खाली घ्यायची, पुन्हा पेड उचलायची. कायद्याला मात्र डॉक्टरांचा दाखला हवा: तो भाग पूर्ववत झालेला नाही आणि पुढच्या उपचारांनीही होणार नाही. तोही तपासण्यांच्या पुराव्यासह, आणि समोरच्याने कोर्टात उत्तर दिल्यापासून ६० दिवसांत. आमच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘हळूहळू सुधारणा होईल.’ आम्हाला हायसं वाटलं, आणि त्याच ओळीमुळे समोरच्या कंपनीची ऑफर बुडालेल्या पगारापुरती उरली. ती बरी व्हावी म्हणून रोज देवापुढे हात जोडायचे आणि ती बरी होणार नाही असं कुणीतरी लिहून द्यावं म्हणून थांबायचं, हे मला सोसवलं नाही. इजेचा आयुष्यावर गंभीर परिणाम झाल्याचं वेगळं सिद्ध करण्याची गरज नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं. कायमपणाची अट मात्र आहेच.

हप्त्याची फारच ओढाताण असेल, गाडी क्वचितच बाहेर निघत असेल, तर मर्यादित पर्याय चुकीचा म्हणवत नाही. पण ती खूण घरातल्या जोडीदाराला आणि मुलांनाही बांधते. शिवाय पूर्ण हक्क घेतला तरी समोरच्याचा विमाच तोकडा असू शकतो. १ जानेवारी २०२६पासून नेहमीच्या (स्टँडर्ड) पॉलिसीचं किमान संरक्षणही माणशी ३५,००० डॉलरच आहे. म्हणून आम्ही पूर्ण हक्क घेतला तेव्हा ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’ची (समोरच्याचा विमा कमी पडला तर आपल्याच पॉलिसीतून मिळणाऱ्या भरपाईची) रक्कमही वाढवली.

दोन गाड्यांवर मिळून हप्ता जो वाढला, तो आमच्या महिन्याच्या वाणसामानाच्या एका फेरीएवढा होता. अपघातानंतर खूण बदलून जुन्या दाव्याला उपयोग नसतो, तेव्हा नूतनीकरणाची वाट न बघता आजच एजंटला फोन केलात तर बरं.