‘पंधरा दिवस टोचणारच, सर’: बुटांपायी गेलेले २०,९४९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाची वाटून जाईल. २०,९४९ रुपये. डॉक्टर आणि एक्स-रे धरले तर २२,१४९. बायकोला अजून १६,७५०च माहीत आहेत.

मी भोळा नाही. कधी कुणाला ओटीपी दिला नाही, वीजबिलाच्या मेसेजमधली लिंक उघडली नाही, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडल्याचा फोन आला तेव्हा समोरच्याला मीच शिव्या घातल्या. आणि बुटांबद्दल म्हणाल, तर आमच्या मोटरसायकलवाल्यांच्या रायडिंग ग्रुपमध्ये ज्ञान पाजळणारा मीच होतो. सिडी, गार्ने, अल्पाइनस्टार्स ही नावं तोंडपाठ. नवा ऑफ-रोड बूट, म्हणजे कच्च्या रस्त्यावर बाइक चालवताना घालायचा, दगडासारखा असतो, तो घरात घालून मुरवावा लागतो, हे चारचौघांना मीच सांगायचो. त्या ज्ञानानेच माझा गळा कापला.

एक्सपल्स ही बाइक घेतल्यापासून साधे ट्रेकिंगचे बूट घालून चालवत होतो. पौडच्या पुढे कच्च्या रस्त्यावर एकाचा घोटा मोडलेला पाहिला आणि ठरवलं, आता खरे बूट घ्यायचे. दुकानातला भाव ऐकून घाम फुटला. मग इन्स्टाग्रामवर ते पेज दिसलं. ४६ हजार फॉलोअर, खोकी उघडतानाचे व्हिडिओ, जीएसटी नंबर असलेलं बिल, ‘इम्पोर्ट सरप्लस’, सात दिवसांत रिटर्न. किंमत २४,९९९, थेट यूपीआय केलं तर १६,७५०. फोनवर शुद्ध मराठी. “दादा, आपल्याच माणसाला फसवून मी जाणार कुठं?” बुकिंगचे ३,००० लगेच दिले, पाठवण्याआधी १३,७५०. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, असं वाटेल. पण नाही, पार्सलमध्ये विटा निघाल्या नाहीत. बूट आले. झकास दिसणारे, चार बकलांचे, वासासकट नवे. म्हणून तर पोलिसांना माझी तक्रार अजून कळलेली नाही. त्यावर येतोच.

पहिल्या दिवशी घातले. करंगळीपाशी आणि नडगीवर असे टोचले की डोळ्यांत पाणी आलं. फोन केला. “सर, हा बूट आहे, चप्पल नव्हे. पहिले पंधरा दिवस जावयासारखा रुसणारच. जाड मोजे घाला, बकलं सैल ठेवा, रोज तासभर घरात फिरा, जिना चढा-उतरा. आणि गिअरचा लिव्हर एक दात वर घ्या, नाहीतर पंजा त्याच्या खाली जाणार नाही.” यातलं एक अक्षरही खोटं नाही, हेच तर दुखणं आहे. हाच सल्ला मी ग्रुपवर दहा जणांना दिलाय. माझेच शब्द ऐकून मी गार झालो. सात दिवसांची रिटर्नची मुदत आणि पंधरा दिवसांचं मुरवणं, ही साधी वजाबाकी मला जमली नाही.

आता तो क्षण. चौथा दिवस, संध्याकाळ. बूट घालून मॅच बघत बसलो होतो. माझी लेक, वय वर्षं नऊ, पायाशी खेळत होती. तिने दोन्ही हातांनी घोट्याच्या बाजूचं प्लॅस्टिक दाबलं आणि ते आत गेलं. टक् असा आवाज, पावडरच्या रिकाम्या डब्यासारखा. “बाबा, हा इथून मऊ आहे!” मी तिच्यावर ओरडलो. खेळणं नाही हे, सोळा हजारांचा आहे. सोळा हजारांच्या पुढचं तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

पोरीने नऊ सेकंदांत जी परीक्षा घेतली ती मी चार दिवसांत घेतली नव्हती. खऱ्या ऑफ-रोड बुटाचा घोटा पुढे-मागे वाकतो. बऱ्याच बुटांत त्यासाठी बिजागरी असते, सुरुवातीला ती जड चालते आणि वापरून मोकळी होते. बाजूला मात्र तो वाकता कामा नये, पहिल्या दिवशीही नाही आणि तीन वर्षांनीही नाही. माझ्या बुटाचं बरोब्बर उलटं. वाकायचं तिथे हलेना, कारण बिजागरीचे म्हणून जे रिव्हेट होते ते वरून चिकटवलेल्या शोभेच्या टिकल्या होत्या. आणि वाकायचं नाही तिथे बोटाने दबत होता. कडकपणा कुठे आहे ते बघा रे, किती आहे ते नंतर.

त्या दिवशी रिटर्नचे तीन दिवस हातात होते. त्या तीन दिवसांत मी काय केलं? मोच्याकडे ३५० रुपये देऊन पंजा ताणून घेतला आणि ४९९ची जेल इनसोल आणली. म्हणजे वापरलेला माल परत घेणार नाही, हे म्हणायची सोय मीच त्याला करून दिली.

इनसोल बदलताना जुनी उचकटली, तर खाली ४३च्या स्टिकरखाली ४२चा शिक्का. माझं पाऊल २७ सेंटीमीटर. (पाऊल संध्याकाळी मोजा, जाड मोजा घालून. सकाळी मोजलेलं माप फसवं असतं.) फोन केला तर लगेच, “सॉरी दादा, गोदामवाल्यांची चूक, एक्स्चेंज करतो.” कुरिअरचे ८५० आणि नव्या जोडीसाठी परत मिळणारं डिपॉझिट २,५०० मागितले. दिले. होय, दिले. तोपर्यंत १६,७५० अडकलेले होते आणि अडकलेला माणूस पुढचे ३,३५० ते सोडवायला देतो. तुम्हीही दिले असते. आठव्या दिवशी मी ब्लॉक.

तरीही वेडेपणा बघा, नववा दिवस रविवार होता, तेच बूट घालून गेलो. म्हटलं, निदान वापरू तरी. फूटपेगवर, म्हणजे बाइकच्या पाय ठेवायच्या दांड्यावर, उभा राहिलो तर पेगची कड तळव्याला लागत होती. तळाच्या आत शँक, म्हणजे कडक पट्टी, असती तर लागली नसती. पुढे एका दगडाने पाय मागे ओढला, वेग माणूस धावतो तेवढाही नव्हता, आणि घोटा मुरगळला. डॉक्टर ५००, एक्स-रे ७००. हाड शाबूत आहे, एवढीच काय ती देवाची कृपा.

घरी पाय वर करून बसल्यावर सगळं शोधलं, म्हणजे आधी करायचं ते. जीएसटीच्या साइटवर बिलावरचा नंबर टाकला, एक मिनिट लागलं. नंबर खरा होता, पण दुसऱ्या राज्यातल्या मोबाइल कव्हरवाल्याचा. लेबल पाहिलं. युरोपातल्या मानकाचा, ईएन १३६३४चा बूट असेल तर लेबलवर मोटरसायकलचं छोटं चित्र असतं आणि २०१७च्या आवृत्तीप्रमाणे चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. उंची, घासणं, कापलं जाणं आणि आडव्या दाबाला तळ किती टिकतो, असे ते चार. माझ्या बुटावर नुसतं ‘सीई’ छापलेलं. ते तर चिनी खेळण्यावरही असतं.

आता पोलीस ठाणं. “बूट मिळाले ना तुम्हाला?” मिळाले. “घातले?” घातले. “मग फसवणूक कुठली? आवडले नाहीत म्हणा.” मी बनावट माल, खोटा जीएसटी, स्टिकरखालचा शिक्का, सगळं टेबलावर ठेवलं. हवालदारांनी बूट उचलला, दाबला, म्हणाले, “दिसायला भारी आहे हो.” मग हा दिवाणी मामला ठरला. मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. ४२०चं आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढं मी वाचून गेलो होतो. ते म्हटल्यावर, “तुम्ही वकील आहात का?” अर्ज घेतला, पोचेचा शिक्का नाही. साहेब बंदोबस्ताला गेलेत. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा साहेब होते, शिक्का कपाटात आणि किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर.

बँकेत तर कळसच. “पिन तुम्हीच टाकलाय, सर.” अहो, मीच टाकलाय, तेच तर सांगतोय. समोरचं खातं गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेकडून खातेदाराचा तपशील आणा. पेमेंट ॲपमधल्या बॉटने “तुमची समस्या सुटली का?” विचारलं, मी ‘नाही’ दाबलं, त्याने धन्यवाद म्हटलं. कुरिअरवाल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता गोपनीय म्हणून दिला नाही. चोराची गोपनीयता या देशात फार जपली जाते. मी बूट न घेता साहेबांच्या गाडीला धडक दिली असती, तर एका तासात माझा पत्ता, आधार आणि आजोबांचं गाव काढलं असतं.

माझी खरी चूक १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, उशिरा फोन करण्याची. पैसे गेल्याचं कळताच काही तासांत केला, तर पुढच्या खात्यात रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते. मी तीन दिवस एक्स्चेंजची वाट पाहिली, मग लाजेत दोन दिवस घालवले. लाज नंतर वाटून घ्या, फोन आधी करा. आता ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पण नोटीस कुणाच्या पत्त्यावर काढायची, ते अजून सुचलेलं नाही.

आणि बूट पायात घालून, दुकानात दहा मिनिटं उकिडवे बसून, बायकोला घोटा दाबायला सांगूनच घ्या. सवलत गेली खड्ड्यात.

परवा तेच पेज नव्या नावाने दिसलं. तोच फरशीवरचा फोटो, बुटाशेजारी तोच तडा गेलेला कोपरा. किंमत १५,९९९. खाली एका पोराने विचारलंय, करंगळीला फार टोचतोय, नॉर्मल आहे का? उत्तर आलंय, जावयासारखा रुसणारच. मी त्याला मेसेज टाकलाय: आज कितवा दिवस? अजून त्याने बघितलेला नाही.