क्वीन्समध्ये भाड्याचे घर: मालकाचा वरचा मजला की जुनी मोठी इमारत?

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये घर शोधताना आपल्यापैकी बहुतेकांपुढे शेवटी दोन पर्याय उरतात: खाली मालक राहत असलेल्या दुमजली घराचा वरचा मजला, किंवा विटांच्या जुन्या सहा मजली इमारतीतला फ्लॅट. मी वुडसाइडला पहिल्या प्रकारात दोन हिवाळे काढले. जॅक्सन हाइट्सला दुसऱ्या प्रकारात हा पाचवा हिवाळा.

नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिला पर्याय सोपा जातो, हे मान्य करायला हवे. मोठ्या इमारतींची व्यवस्थापने सहसा मासिक भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्न आणि क्रेडिटचा इतिहास मागतात. आमच्या मालक-अंकलनी नोकरीचे पत्र पाहिले, चहा पाजला आणि किल्ली दिली. खोल्याही ऐसपैस होत्या. अनामत रक्कम २०१९ पासून दोन्हीकडे एका महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही आणि जून २०२५ पासून दलाली दलाल नेमणाऱ्यानेच द्यायची असते, त्यामुळे त्या हिशेबात फारसा फरक पडू नये.

माझे घोडे अडले ते थर्मोस्टॅटवर, म्हणजे घर किती गरम ठेवायचे ते ठरवणाऱ्या यंत्रावर. तो एकच होता आणि खालच्या मजल्यावर, मालकांच्या भिंतीवर. अंकल सकाळी कामावर निघताना तो उतरवून जात आणि वर माझी पत्नी शाल पांघरून लॅपटॉपवर काम करीत बसे. ऑक्टोबर ते मे या काळात बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की दिवसा घरात किमान ६८ अंश हवेत, असा शहराचा नियम आहे आणि तक्रारीसाठी ३११ हा क्रमांकही आहे. परंतु रविवारी गरम ढोकळा घेऊन स्वतः जिना चढून येणाऱ्या माणसाविरुद्ध तो क्रमांक फिरवणे मला जमले नाही. भीड भिकेची बहीण, दुसरे काय!

इमारतीतला रेडिएटर (खोली तापवणारे लोखंडी नळ्यांचे उपकरण) पहाटे पाचला कोणी हातोडी मारावी तसा वाजतो आणि भर जानेवारीत खिडकी चार बोटे उघडी ठेवावी लागते. तापमान मी कधी मोजले नाही. मात्र वुडसाइडला नोव्हेंबरपासून थिजलेली खोबरेल तेलाची बाटली इथे हिवाळाभर पातळ असते. एकदा बॉयलर बंद पडला तेव्हा मी निःसंकोच ३११ ला फोन केला, कारण व्यवस्थापनाशी ढोकळ्याचे नाते नव्हते.

शिवाय १९७४ पूर्वीच्या, सहा किंवा अधिक घरांच्या अनेक इमारतींत भाडेवाढीवर शहराच्या मंडळाचे नियंत्रण असते आणि करार नूतनीकरणाचा हक्क मिळतो; दुमजली घरात तो सहसा नसतो. कपडे धुवायला तळघरात उतरावे लागते, हे खरे.

अर्थात सगळेच मालक सारखे नसतील. वरचा मजला पाहायला गेलात, तर स्वयंपाकघराआधी थर्मोस्टॅट कोणत्या भिंतीवर आहे ते पाहावे. तो तुमच्याच मजल्यावर निघाला, तर माझे म्हणणे बाजूला ठेवायला हरकत नाही.