घराच्या विम्यात रायडिंग गियर: पुरात बुडालेल्या हेल्मेट-जॅकेटचे पैसे मिळाले, त्याचा पूर्ण अनुभव

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू भारत गृह रक्षा पॉलिसीचा आहे, आणि तोही फक्त एकाच अंगाने. आपण गाडीवाले लोक जॅकेट, हेल्मेट, बूट, ग्लोव्हजवर एवढा पैसा घालतो तर ते सगळं घराच्या विम्यात धरतात का, आणि धरलं तर पैसे खरंच हातात पडतात का. माझे पडले. सहजासहजी नाही पडले, आणि कुठल्या वेळी एक रुपयाही मिळणार नाही हेही या निमित्ताने कळलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आम्ही सिंहगड रोडला एकता नगरीच्या बाजूला तळमजल्यावर राहतो. २५ जुलै २०२४ ची पहाट पुणेकरांना वेगळी सांगायला नको. वरून पाऊस, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, आणि बायकोने हलवून उठवलं तेव्हा हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी होतं, आईला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पोचवून खाली येईपर्यंत ते गुडघ्याच्या वर गेलेलं. गियरचं कपाट दाराजवळ, खालचे दोन कप्पे आमच्या दोघांच्या गियरचेच, त्यामुळे पहिला नंबर त्याचाच लागला. गाडी पण बुडाली, पण तिचा विषय वेगळा, खाली येतो त्यावर.

पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर जॅकेटच्या कोपराच्या खिशातून आर्मर (मार लागू नये म्हणूनचा पॅड) ओढून काढताना त्याच्या मागून मूठभर गाळ पडला. ग्लोव्हजचं चामडं फुगून लिबलिबीत झालेलं. बायकोचं हेल्मेट उलटं केलं तर चहासारखं पाणी कितीतरी वेळ ठिबकत राहिलं आणि त्याला पेट्रोलचा वास, कारण पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचं पेट्रोल-ऑइल त्याच पाण्यावर तरंगत होतं. लडाखच्या ट्रिपचे पैसे साठवताना एकेक वस्तू घेतलेली, ते सगळं असं बघून फार वाईट वाटलं.

पॉलिसी होम लोनच्या वेळी घेतलेली, तेव्हा वाचली पण नव्हती. त्या रात्री वरच्या काकूंच्या घरी बसून मोबाईलवर पहिल्यांदा नीट वाचली. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ही ठरावीक पॉलिसी विकायला लावली आहे, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी मूळ मजकूर तोच. त्यात तुम्ही इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला आपोआप इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के कव्हर मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. माझी इमारत ३५ लाखांची धरलेली म्हणजे सामानाला ७ लाख, आणि त्यासाठी सामानाची यादी आधी द्यावी लागत नाही. भाड्याने राहणाऱ्यांना नुसत्या सामानाची पण घेता येते, हे पुण्यातल्या किती पोरांना माहीत असेल शंकाच आहे. पूर, वादळ, आग, वीज, भूकंप, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं त्यात आहे.

आता क्लेम. त्याच दिवशी कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला, फोटो काढले, आणि शेजारी सगळं कचऱ्यात टाक म्हणून सांगत असताना मी गियर टाकलं नाही, बाल्कनीत दोरीवर लटकवून ठेवलं. वास सहन केला पण ठेवलं. सर्व्हेअर (नुकसान तपासायला कंपनी पाठवते ते) सहाव्या दिवशी आले, आणि सामान टाकलं असतं तर त्यांना दाखवायला काहीच उरलं नसतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा त्यांनी पटापट लिहून घेतलं. हेल्मेटपाशी आल्यावर थांबले आणि म्हणाले, हे गाडीचं सामान झालं, वाहन या पॉलिसीतून वगळलेलं आहे, तुम्ही गाडीच्या विम्यात मागा.

वगळलेल्या गोष्टींत वाहन आहे हे खरंच आहे. पण म्हटलं, "अहो साहेब, हेल्मेट गाडीला लागत नाही, माझ्या डोक्याला लागतं. गाडी विकली तरी हे माझ्या कपाटातच राहणार." आणि गाडीच्या पॉलिसीचा कागद पुढे ठेवला, त्यात गाडी आणि गाडीला बसवलेल्या ॲक्सेसरीज एवढंच आहे, अंगावर घालायचं काही नाही. (काही कंपन्या दुचाकीच्या पॉलिसीला हेल्मेटचं वेगळं ॲड-ऑन देतात, माझ्याकडे नव्हतं.) ते म्हणाले ऑफिसला विचारतो. ऑफिसने तीन आठवडे काहीच उत्तर दिलं नाही. मग मी लेखी मेल केली, की जॅकेट हा कपडा आहे, बूट हे पायताण आहे, घरातले बाकीचे कपडे आणि चपला जर सामानात धरता तर हे कुठल्या कलमाने वगळता ते कलम नंबरासकट कळवा. तेवढ्या एका मेलने फाइल हलली, म्हणून सांगतो, फोनवर भांडू नका, लेखी विचारा.

दुसरा वाद झाला तो धुण्याच्या खर्चावरून. त्यांचं म्हणणं हेल्मेट धुऊन वापरता येईल, सफाईचे पैसे देतो. इथे मी अजिबात ऐकलं नाही आणि तुम्हीही ऐकू नका. आतलं कापडी पॅडिंग निघतं, धुता येतं, पण डोकं वाचवतो तो त्याच्या मागचा थर्माकोलचा थर, आणि थर्माकोलवर पेट्रोल टाकलं की तो विरघळतो हे शाळकरी पोराला पण माहीत असतं. बाहेरून हेल्मेट चकाचक दिसेल आणि आत तो थर कुठे बसलाय, कुठे भुसभुशीत झालाय ते कळणारच नाही. आयएसआयचा शिक्का हेल्मेट नवं असताना तपासून दिलेला असतो, पेट्रोल मिसळलेल्या पाण्यात बुडून निघालेल्याला तो लागू आहे असं मी तरी मानणार नाही. माझ्या बायकोच्या डोक्यावर मी ते ठेवणार नाही, असं स्पष्ट लिहून दिलं. पॉलिसीच्या मजकुरातच आहे की दुरुस्ती होत नसेल तर तशीच किंवा तिच्यासारखी वस्तू घ्यायचा खर्च द्यायचा. शेवटी दोन्ही हेल्मेट पूर्ण मंजूर झाली.

हिशोब सांगतो. दोन हेल्मेट १२,८००, दोन जॅकेट २३,३००, ग्लोव्हजच्या दोन जोड्या ५,४००, पँट ८,५००, बूट ११,०००, मिळून ६१,००० मागितले आणि ५५,५०० मिळाले. कापले गेले ते बुटांचे, कारण बूट नाना पेठेतून रोखीने घेतलेले आणि बिल नव्हतं, त्याचे निम्मेच धरले. बाकीच्यांची बिलं मेलमध्ये सापडली आणि ट्रिपचे फोटो होते, ज्यात तेच जॅकेट अंगावर दिसतंय. पैसे खात्यात यायला अडीच महिने लागले. प्रीमियम वर्षाला दोन हजारांच्या आत आहे, त्या मानाने पॉलिसीला मी पाचपैकी चार देईन. कंपनीच्या सर्व्हिसला दोन.

एक कमी का, तर गियरची खरी वाट लागते ती रस्त्यावर, आणि तिथे ही पॉलिसी उपयोगाची नाही. सामान घरातून बाहेर नेलं की कव्हर संपलं. मित्राचं हेल्मेट ताम्हिणीत हॉटेलबाहेर आरशाला अडकवलेलं चोरीला गेलं, त्याला काही मिळालं नाही. गाडीवरून पडलात आणि जॅकेट घासून फाटलं, तेही नाही. आणि घरातून चोरी झाली तरी सरसकट नाही! मूळ पॉलिसीत चोरी धरतात ती फक्त पूर, आग वगैरे घटनेमुळे आणि त्यानंतरच्या ७ दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी बर्गलरीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि त्यात कुलूप-दार फोडल्याची खूण बहुतेक वेळा मागतात, म्हणजे सोसायटीच्या पॅसेजमधल्या रॅकवर ठेवलेलं हेल्मेट कुणी उचललं तर ते त्यात बसवणं अवघड. रॅक घराच्या आत घ्या.

गाडीचं म्हणाल तर ती गाडीच्या पॉलिसीतून झाली, ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर) होतं म्हणून. नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) असती तर पुरातल्या गाडीचे काहीच मिळाले नसते.

रिजेक्ट झालं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकीलही लागत नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही पण अर्ज भरून तयार ठेवला होता.

आता नवीन गियरचं कपाट भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर लावून घेतलंय. दर वस्तूचं बिल आणि हेल्मेटच्या आतल्या लेबलचा फोटो बायकोच्या आणि माझ्या दोघांच्या मेलवर आहे. पुढच्या रिन्यूअलला बर्गलरी आणि बाहेर नेलेल्या वस्तूंचं ऑल रिस्क कव्हर मिळतं का, आणि त्यात अंगावरचं गियर धरतात का, असं तीन कंपन्यांना लेखी विचारलंय. उत्तरं आली की आकड्यांसकट इथेच टाकतो.