अंब्रेला एक मिलियनची की दोनची? न्यू जर्सीतल्या घरांसाठी

अंब्रेला म्हणजे तुमच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं आणि गाडीच्या किंवा घराच्या विम्याची मर्यादा संपली, तर वरचा दावा भरणारी जादा पॉलिसी. ती घेण्याआधी गाडीच्या पॉलिसीचं पहिलं पान शोधा. 'बॉडिली इंज्युरी', म्हणजे समोरच्याला झालेली इजा, याच्यासमोर दोन आकडे दिसतील: माणशी किती आणि एका अपघातामागे किती. 1 जानेवारी 2026 पासून न्यू जर्सीत स्टँडर्ड पॉलिसीची किमान मर्यादा 35 हजार आणि 70 हजार डॉलर झाली आहे. समोरच्याच्या मालमत्तेसाठी 25 हजार. सिग्नलला पुढे उभी असलेली नवी एसयूव्ही पूर्ण निकामी झाली, तर 25 हजार तिच्यातच जातील. इस्पितळाच्या बिलांबद्दल तर बोलायलाच नको.

पहिला पर्याय म्हणजे अंब्रेला न घेता गाडीची मर्यादा 250/500 हजारांपर्यंत आणि घराच्या विम्यातली दाव्यांची मर्यादा 300 किंवा 500 हजारांपर्यंत वाढवणं. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, नुकतीच नोकरी लागलेल्या जोडप्याला एवढं चालतं. शिवाय हे पैसे वाया जात नाहीत, कारण अंब्रेला देणाऱ्या बहुतेक कंपन्यांना खाली साधारण एवढंच कव्हर लागतं. ते कमी ठेवलं असेल, तर मधली फट तुमच्याच खिशातून भरली जाते.

एक मिलियनची अंब्रेला याच्यावर बसते. वर्षाला साधारण दोनशे ते चारशे डॉलर, आणि वकिलाचा खर्च बहुधा मर्यादेच्या बाहेर. दुसरा मिलियन पहिल्यापेक्षा स्वस्त पडतो. म्हणून प्रीमियमवर फार घासाघीस न करता जोखीम बघावी, असं माझं मत आहे.

किती कव्हर घ्यायचं याचा हिशेब आपली मंडळी करतात तो असा: घराची इक्विटी, अधिक बचत, वजा कर्ज. चुकतं ते इथेच. 401(के), म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्तीच्या खात्यातले पैसे फेडरल कायद्यामुळे अशा दाव्यातून बऱ्यापैकी सुरक्षित असतात, ते मोजू नका. पण पुढचा पगार मोजा. न्यू जर्सीत कोर्टाचा निकाल 20 वर्षं लागू राहतो आणि पगारातून वसुली होऊ शकते. टेक्सासमधला तुमचा मावसभाऊ म्हणेल, "आम्हाला एवढं लागत नाही." त्याचं बरोबर आहे. तिथे अशा दाव्यात पगाराला सहसा हात लावता येत नाही आणि राहत्या घरालाही भक्कम संरक्षण आहे. त्याचा आकडा उचलून इथे लावू नका.

घरात पोहण्याचा तलाव, ट्रॅम्पोलिन किंवा कुत्रा असेल, तर दोन मिलियन. कुत्रा चावला की इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. "आमचा टॉमी कधी चावत नाही" याला कोर्टात किंमत नाही. यातलं काहीच नसेल, दोघंच गाडी चालवत असाल, तर एक पुरे. धंद्याचे किंवा व्यवसायातल्या चुकांचे दावे मात्र दोन्हींत बसत नाहीत; घरून डबे विकणाऱ्यांनी वेगळी पॉलिसी बघावी.

आम्ही कित्येक वर्षं एकवरच होतो. मग मुलीला सतराव्या वर्षी प्रोबेशनरी, म्हणजे नव्या चालकांचं अटी असलेलं लायसन्स मिळालं. नंबरप्लेटवर पुढे-मागे अशा चालकांची लाल स्टिकरं चिकटवली, पहिल्याच संध्याकाळी ती दोन मैत्रिणींना आणायला निघाली, आणि पुन्हा आत येऊन मला सांगून गेली की नियमाप्रमाणे एकीलाच बसवता येतं. दुसऱ्या दिवशी एजंटला फोन करून दोन मिलियन करून घेतले. प्रीमियम वाढला, तो मुकाट्याने भरला.